नावेची दुसरी फेरी

१३ नोव्हेंबर १९३९, सोमवार. भाऊबीज.
आजपासून रोजनिशी. नियम एकच, खरं लिहायचं. वाचणार कोणी नाही, मग खोटं कशाला?
हेमाने ओवाळलं नाही. गेल्या वर्षी तिचे यजमान तापाने गेले, तेव्हापासून आई तिला तबक हातात घेऊ देत नाही. हे सगळं फजूल आहे असं मी आईला स्पष्ट सांगणार होतो, पण ती लाडू वळत होती. तरी हेमाला ओवाळणी दिलीच. शब्द दिला. म्हटलं, तुला सासरी परत जाऊ देणार नाही.
तात्यांच्या मनात आहे की कार्तिक संपला की तिचे दीर व्यंकटराव यांनी येऊन तिला न्यावं. आमच्या गावच्या गंगेच्या पलीकडेच आहे तिचं सासर. वर्षभर तिथे माजघर आणि न्हाणी, एवढंच बघितलं म्हणते. तिला इथेच राहायचंय.
रात्री जेवताना योजना सुचली. हैदराबादेत चार वर्षं कॉलेज केल्याचा हा फायदा.

१४ नोव्हेंबर. सकाळी.
योजना अशी. तात्या हट्टी. त्यांच्याशी वाद घालणं हा जुना टेकनिक. त्यांना फक्त एक चित्र दाखवायचं: हेमा हसायलीय. लग्नाआधी मुंजाजी भोयाच्या नावेत बसली की ही पोरगी गंगेत हात सोडून नुसती खिदळायची. पुढच्या टोकावरची जागा कोणाला देत नसे. तात्यांनी ते हसू पुन्हा एकदा पाहिलं की त्यांच्याच्याने तिला पाठवणं व्हायचं नाही. सायकॉलॉजी.
म्हणून आवळीभोजन. पलीकडच्या मळ्यात आवळीचं झाड आहे. घरचे, शेजारचे, माझे दोस्त, सगळे नावेने जाऊ. येत्या जुम्म्याच्या पुढचा जुम्मा, म्हणजे २४ तारीख. तात्या लगेच हो म्हणाले. हेमाही येणार हे त्यांना मुद्दाम सांगितलं नाही. परिणाम बिघडतो.

१७ नोव्हेंबर.
चुडाव्याहून बन्सीधरला बोलावलंय. तो माझ्या लिखाणाचा खरा जाणकार. कादंबरीचं पहिलं प्रकरण पूर्ण झालं. बावीस पानं, एकही पूर्णविराम नाही. नदी हीच नायिका, आणि घडत काहीच नाही. मराठीत असं अजून कोणी केलेलं नाही.
मुंजाजी भोयाला नाव सांगून ठेवली. तो म्हणाला, दोन खेपा कराव्या लागतील मालक, माणसं लय हायती. म्हटलं, बंदोबस्त माझ्याकडे.
हेमाने विचारलं, मी खरंच यायचं का? मी हसलो. आपलं लुगडं आजच धुऊन वाळत घातलंय तिने. सात दिवस आधी.

२१ नोव्हेंबर. दुपारी.
बारीकशी अडचण. शेजारच्या कमलमावशी आल्या होत्या. नाव मधोमध गेली की बायका गंगेची ओटी भरणार: खण, नारळ, हळदकुंकू. आईकडे बघत म्हणाल्या की त्या नावेत सगळ्या सवाष्णीच असलेल्या बऱ्या. हेमा तिथेच भाजी निवडत होती. मान खाली घालून निवडत राहिली.
मी तिथल्या तिथे तोड काढली. हेमा दुसऱ्या फेरीत. पहिली नाव पलीकडे लागली की मी स्वतः परत येणार आणि तिला घेऊन जाणार. कमलमावशींचं समाधान, हेमाची सहल, आणि तात्या तेव्हा काठावरच असणार. त्यांना नाव समोरून येताना दिसेल, पुढच्या टोकावर हेमा. आधीपेक्षा चित्र चांगलंच झालं. अडचणीतून कला निघते ती अशी.
हेमा म्हणाली, तू येशील ना पण? मी रागावलो. भावावर एवढासुद्धा भरवसा नाही.

२४ नोव्हेंबर, जुम्मा. सकाळी सात.
हवा उत्तम. हेमा पहाटेच उठून धपाटे करायलीय, पन्नासेक तरी होतील. गुणगुणत होती. आईने गप केलं. प्रकरण पिशवीत घेतलंय. वेळ मिळाला तर वाचीन, नाहीतर नाही. आजचा दिवस हेमाचा.

२४ नोव्हेंबर. दिवेलागण.
सहल कमालीची यशस्वी.
मुंजाजीची नाव काठोकाठ भरली होती. तात्यांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा पागोटं काढून मांडीवर ठेवलं. पोरं पाणी उडवायली होती, बायकांनी गाणी म्हटली, ओटीचा नारळ बन्सीधरच्या धोतरावर फुटला. कमलमावशींना पाण्याची भीती वाटते, त्यांनी सबंध वेळ आईचा दंड धरून ठेवला आणि आई हसून हसून लाल झाली. आई अशी हसते हे मी विसरलोच होतो. पाण्यावर माणसं हलकी होतात. टिपून ठेवलं, कादंबरीत वापरणार.
पलीकडे लागल्यावर मुंजाजी म्हणाला, दुसरी खेप आणू का. म्हटलं थांब, मला यायचंय, शब्द दिलाय. तेवढ्यात बन्सीधरने प्रकरणाचा विषय काढला. दोन पानं वाचून निघू असं ठरलं. पण पूर्णविरामच नाही म्हटल्यावर थांबायचं कुठे? लोकांनी शांतपणे ऐकलं. काहीजण डोळे मिटून. नंतर जेवणाची पानं मांडली होती, यजमान म्हणून उठता येईना. मग तात्यांनी मुंजाजीलाही जेवायला बसवलं. जेवून तो झाडाखाली आडवा झाला. भल्या माणसाला झोपेतून उठवणं बरं दिसत नाही. मग वारा सुटला.
परत आलो तेव्हा हेमा घाटाच्या पायरीवर होती. धुतलेलं लुगडं, मांडीवर आपल्या वाटणीच्या धपाट्यांची पुरचुंडी. सोडलेली नव्हती.
आई म्हणाली, "अगं बाई, तू इथंच व्हतीस? मला वाटलं कटाळून घरी गेलीस."
हेमा उठली. आईच्या हातातली खरकटी भांडी घेतली आणि तिथेच वाळूने घासायला बसली. तात्या बराच वेळ तिच्याकडे बघत उभे होते.

२५ नोव्हेंबर.
विचार केला. दोष कोणाचाच नाही. उलट हेमाला काल सबंध दिवस गंगेकाठी एकांत मिळाला. घरात तो कुठून मिळणार? मोठमोठे लोक एकांतासाठी तडफडतात. तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "व्हय दादा. लय एकांत व्हता." पटलेलं दिसलं.
पौर्णिमा झाली की पुन्हा नाव काढायची. फक्त ती, मी, आई आणि तात्या.

२७ नोव्हेंबर.
तात्यांनी आज व्यंकटरावांना निरोप धाडला. आईला म्हणत होते ते ऐकलं. "पोरगी भुकेली बसली दिवसभर घाटावर. घरात कुणाला तिची याद राहत न्हाई, अन् तिला कुणात मिसळावं वाटत न्हाई. तिथं निदान दीर-जावा तरी हायत."
म्हणजे चित्र तात्यांनी पाहिलं, पण अर्थ चुकीचा लावला. वाचक असेच असतात. मी उद्या त्यांना नीट समजावणार.

१ डिसेंबर, जुम्मा.
अजून बोललो नाही. घाईत बोललेलं वाया जातं. जेवणाआधी तात्या चिडचिडे, जेवणानंतर झोपेत. संध्याकाळी बरी वेळ असते, पण तेव्हा मी फिरायला जातो.
हेमाने आज विचारलं, बोललास का रे? म्हटलं, वातावरण तयार करतोय. तिने माझ्या सदऱ्याची बटणं लावून ठेवली. निघायच्या आधी करून ठेवते म्हणाली. निघायच्या म्हणजे? मी आहे ना.

४ डिसेंबर, सोमवार.
व्यंकटराव आले. राक्षस वगैरे असतील असं वाटलं होतं, म्हणजे भांडायला बरं पडलं असतं. पण मवाळ माणूस. पानाचा डबा पुढे केला, कादंबरी कुठवर आली विचारलं. मला अर्धा तास बोलावं लागलं. मग तात्या आणि ते युरोपातल्या लढाईवर बोलले, त्यातही माझं मत विचारलं.
शेवटी तात्या सर्वांसमोर म्हणाले, "काशीनाथ, तुला काही म्हणायचंय का?" त्यांना कसं कळलं काय माहीत. हेमा दाराआड उभी होती, तिची बोटं चौकटीवर दिसत होती.
मी म्हटलं, सकाळी लवकर निघालेलं बरं, नंतर वारा सुटतो.

५ डिसेंबर. दुपारी.
पलीकडच्या काठापर्यंत घरचं कोणीतरी हवं म्हणून तात्यांनी मला धाडलं. नावेत मुंजाजी, व्यंकटराव, मी, हेमा आणि तिची पत्र्याची ट्रंक. ओटी नव्हती, गाणी नव्हती. पुढच्या टोकावर बस, असं कोणी तिला म्हणालं नाही, कोणी नको पण म्हणालं नाही. ती जाऊन बसली.
थोड्या वेळाने तिने हात पाण्यात सोडला. पाणी बोटांमधून फुटून मागे जात होतं. एकदा मासळी चमकली तेव्हा ती हसली. आवाज न करता, पण हसली. मी पाहिलं. तात्या घरी होते.
मी जवळ सरकून हळू आवाजात सांगायला लागलो की संक्रांतीला मी स्वतः न्यायला येणार, तात्यांशी बोलण्याची रीत आता मला बरोबर सापडलीय, ह्या वेळी काही म्हणजे काही चुकणार नाही.
ती म्हणाली, "दादा, जरा गप बस. पाणी बघू दे."
पलीकडे बैलगाडी उभी होती. हेमाने ओला हात पदराला पुसला, डोक्यावरून पदर ओढला आणि गाडीत चढली.
परत येताना नावेत मी एकटाच. मुंजाजी म्हणाला, "मालक, मदी बसा. एकल्या माणसानं नाव कलती व्हती."
मध्ये बसलो.