चांगली मोरी फोडली

९ नोव्हेंबर

तीन टाके. उजव्या भुवईवर. पाण्याने भरलेली स्टीलची बाटली मी अमितला फेकून मारली.

लिहून टाकलं एकदाचं!

परवा तारकर्लीहून आलो. बॅगा अजून हॉलमध्येच. ह्याने ओला टॉवेल, वाळूसकट, माझ्या इस्त्रीच्या साडीवर ठेवला होता. विचारलं — कोणी ठेवला? गप्प. परत विचारलं. गप्प! नवरा असा तोंड शिवून बसला ना, की माझ्या डोक्यात तिडीक जाते. बाटली हाताशी होती. मारायची होती म्हणूनच मारली. चुकून सुटली वगैरे काही नाही.

डॉक्टरला म्हणाला, बाथरूममध्ये घसरलो. सिन्नरला सासूबाईंना फोनवर तेच. ह्या वर्षातलं हे चौथं घसरणं. मार्चमध्ये खांदा, पावसाळ्यात ओठ, गणपतीत कान.

दवाखान्यातून घरी आल्यावर खुर्चीत बसून म्हणाला, "तेजू, पुढच्या वेळी हात उचललास तर मी सिन्नरला निघून जाईन. परत येणार नाही."

आवाज अजिबात चढवला नाही. 

नाही उचलणार. नाताळच्या सुट्टीत हंपीला जायचंय, २३ डिसेंबरची तिकिटं आहेत. तोवर हात आवरायचा. तोवर म्हणजे काय — कायमचाच!

११ नोव्हेंबर

सासूबाई सकाळच्या एसटीने आल्या. मेथी, मुळे, घरचं तूप. अमितची भुवई पाहिली आणि डोळ्याला पदर लावला. मग सरळ बाथरूममध्ये गेल्या, फरशीवर पाय घासून पाहिला, बाहेर येऊन कंबरेवर हात ठेवून फर्मान काढलं — ही मोरी पाडायची. पोरगं एक दिवस मानेवर पडंल. रावजी मिस्त्रीला मी पाठवते, आपल्या गावचा हाय, काम चोख करतो.

मी अमितकडे बघितलं. अमित मुळ्याच्या पानांकडे बघत होता.

माझ्यासाठी त्यांनी वेगळा डबा आणला होता. डिंकाचे लाडू. म्हणाल्या, तू दमत असशील गं, ह्या धडपड्याला सांभाळताना. दोन खाल्ले.

१२ नोव्हेंबर

अमित हो म्हणाला! दहा वर्षांत एक टाईल हललेली नाही त्या बाथरूमची. खोटं निभवायला घर फोडतोय माणूस.

१७ नोव्हेंबर

रावजी मिस्त्री आले. साठीचे असतील. कानाला खोचलेली विडी, बोलणं थोडं. बरोबर सामान वाहायला त्यांची बायको लंकाबाई. संडास वेगळा आहे म्हणून निभलं, नाहीतर लॉजवर राहायची वेळ आली असती.

आधी त्यांनी हातोडीच्या दांड्याने सगळ्या टाईल्स ठोकून पाहिल्या. कान लावून, डॉक्टर छाती तपासतो तशा. मग खाली बसून जुन्या कोटा फरशीवरून तळवा फिरवला. बराच वेळ. आम्ही दोघं दारात उभे.

"साहेब," रावजी म्हणाले, "पाणी कुठंच मुरलेलं नाय. आन् फरशी तर ही अशी खरखरीत हाय. हितं माणूस घसरला कसा?"

अमित म्हणाला, साबण होता.

रावजींनी माझ्याकडे बघितलं नाही. लंकाबाईने बघितलं. माझ्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. मी हात ओढणीत घेतले. मग फरशी फोडायचा ब्रेकर सुरू झाला आणि कोणाचं काही कोणाला ऐकू येण्याची सोय राहिली नाही.

१८ नोव्हेंबर

धूळ. भातात, उशीत, दातात. दिवसभर दणके. शाळेत शिकवून आले तरी डोक्यात तेच.

२१ नोव्हेंबर

बाथरूम नाही म्हणून आंघोळ मागच्या ड्राय बाल्कनीत. वॉशिंग मशीनशेजारी पाट, आडवी बांधलेली जुनी चादर. सकाळी अमितने टॉवेल मागितला म्हणून गेले. वाऱ्याने चादर बाजूला झाली होती. ऊन थेट त्याच्या पाठीवर.

एवढ्या उजेडात ही पाठ मी कधी पाहिलीच नव्हती. तारकर्लीला समुद्रातसुद्धा टी-शर्ट घालून उतरला. मी चिडवलं होतं, एवढा काय नवरीसारखा लाजतोस!

खांद्याखाली पिवळा डाग. त्याच्या खाली हिरवट. कमरेवर लांबट, तो चार्जरच्या वायरचा. दंडावर चार बारीक चंद्रकोरी, माझ्या नखांच्या. एकेक बघत गेले तशी एकेक संध्याकाळ आठवत गेली. पण दोन डाग आठवेनात. कधी मारलं, कशाने मारलं, कशावरून. दोन डाग कशाचे तेच मला आठवेना!

त्याने मान वळवली आणि झटकन पाठ भिंतीकडे केली. टॉवेल देऊन आत आले. किचनच्या ओट्याला धरून उभी राहिले. लाज वाटली. 

संध्याकाळी त्याच्यासाठी मांडे आणले, शेवभाजी केली. जेवला. छान झालीय म्हणाला.

२४ नोव्हेंबर

चौथी ब. बेचाळीस मुलं. आज एकाने दुसऱ्याच्या डब्यात खडू कुस्करून टाकला, एकाने माझ्या तपासलेल्या वह्यांवर पाण्याची बाटली उपडी केली. तीन तासांचं काम पाण्यात. डोकं फिरलं. पण मी काय केलं? हात मागे बांधले, दहा आकडे मोजले, त्याला फडकं आणायला पाठवलं.

बारा वर्षांत शाळेत एकाला बोट लावलेलं नाही. मुख्याध्यापिका बाई कौतुक करतात माझ्या संयमाचं.

बसस्टॉपवर उभी असताना एकदम डोक्यात आलं — म्हणजे मला हात आवरता येतो की. राग येतो तेव्हा काही दिसत नाही, काही कळत नाही, हे मी अमितला दहा वर्षं सांगतेय ते खोटं आहे. सगळं दिसतं. हे पोर आहे, हे बोलेल, माझी नोकरी जाईल, हे सगळं मला रागातसुद्धा दिसतं. आणि अमित बोलणार नाही, हेही दिसतं.

बस आली, भरलेली होती, सोडून दिली.

२९ नोव्हेंबर

मारलं.

वीस दिवस झाले होते फक्त.

गंगापूर रोडच्या दुकानातून टाईलचे नमुने घरी आणले होते. मला फिकट निळी हवी होती. अमित म्हणाला, तू ठरव. म्हटलं, तुला कोणती आवडते ते सांग. तू ठरव. अरे, तुझं मत आहे की नाही काही! त्यावर अगदी हळू म्हणाला, "मत सांगितलं की काय होतं ते माहितीये मला."

खरं बोलला. खरं बोलला म्हणूनच मारलं. हातात फूटभर टाईल होती, तिची कड त्याच्या डाव्या हातावर घातली. त्याने हात टेबलावर ठेवला होता. करंगळी मोडल्याचा आवाज आला. टाईलला काही झालं नाही.

अमित हात पोटाशी धरून खाली बसला. मग मीच रडले. मीच! त्याने उजव्या हाताने मला पाणी दिलं.

प्लॅस्टर. रावजींना सांगितलं, टाईल हातावर पडली. रावजी म्हणाले, जपा साहेब. अंगठ्याने तंबाखू-चुना मळत राहिले.

३० नोव्हेंबर

सकाळपासून वाट बघत होते, आता बॅग भरेल, आता भरेल. डबा घेऊन कंपनीत गेला! अंबडहून सहाला परत. चहा घेतला. पेपर वाचला, एका हाताने पानं उलटत.

शेवटी मीच विचारलं, गेला का नाहीस?

"बाथरूमचं काम अर्धवट आहे," म्हणाला.

मला हायसं वाटलं. खोटं कशाला लिहू, खूप हायसं वाटलं. हा जात नाही, नुसता म्हणतो. आणि मग जेवताना ताटावर बसल्या बसल्या भीती वाटायला लागली. हा जाणार नसेल तर मला थांबवणार कोण?

५ डिसेंबर

घोटीला माहेरी फोन केला. अण्णांना सगळं सांगायचं ठरवून केला. वडील आहेत, रागावतील, एक थोबाडीत देईन म्हणतील — तेच हवं होतं मला. सुरुवात केली, अण्णा, माझा राग फार वाढलाय, अमितवर निघतो.

अण्णा हसायलाच लागले. म्हणाले, आमची तेजी लहानपणापासूनच वाघीण. जावईबापूंना दाबूनच ठेव. मागून दादाचा आवाज — आपल्या भाताच्या मिलमधले हमालसुद्धा तिला टरकायचे! पार्टी करत बसल्यासारखे हसत होते दोघं.

भात कसा झाला ह्यावर्षी वगैरे विचारून फोन ठेवला.

९ डिसेंबर

वॉटरप्रूफिंगनंतर दोन दिवस बाथरूममध्ये पाणी भरून ठेवलं होतं. खालच्यांच्या छताला एक थेंब नाही. रावजी खूश. फिकट निळी टाईल, पायाखाली खरखरीत. भिंतीला धरायला स्टीलचे दांडे लावलेत, दोन. म्हाताऱ्यांच्या बाथरूमला लावतात तसे. अमित एकेचाळीसचा आहे.

१३ डिसेंबर

काम संपलं. रावजींनी हत्यारं धुतली, पिशवीत भरली. अमित सही घ्यायला आलेल्या माणसासारखा दारात उभा राहून बाथरूमकडे बघत होता.

जाताना लंकाबाई मागे रेंगाळली. मला वाटलं चहाचा कप द्यायला थांबली असेल. कप हातात दिला आणि म्हणाली, "बाई, माझा हा जो दात पडलाय ना, तो रावजीनं पाडलाय, एकोणीस वर्षांमागं. मी आजून त्याच्याकडं पाठ करून झोपत नाय."

आणि जिना उतरून गेली. रावजी खाली तिची वाट बघत उभे होते, गोणी स्वतःच्या खांद्यावर घेऊन.

१४ डिसेंबर

सासूबाई नारळ घेऊन आल्या. नव्या नळाला हळदकुंकू! शेजारच्या संजनाताई आणि त्यांची सून, पेढे, फोटो. सगळ्यांनी चपला काढून नव्या फरशीवर उभं राहून पाहिलं. संजनाताई म्हणाल्या, अमितराव, आता घसरायला कारणच उरलं नाही हं.

सगळे हसले. आणि मला सहनच झालं नाही.

"तो घसरत नाही," मी म्हटलं. "मी मारते त्याला."

मग एवढा हशा पिकला! सून पेढा हातात धरून वाकून हसत होती. सासूबाईंनी माझ्या पाठीत थाप मारली. म्हणाल्या, मार गं, मी लहानपणी कमीच मारलंय त्याला.

मी म्हटलं, आई, खरंच. त्या अजून हसल्या.

अमितही हसत होता. सगळ्यात मोठ्याने तोच. प्लॅस्टरचा हात वर करून म्हणाला, बघा, पुरावा! मी त्याचे डोळे बघितले. ते हसत नव्हते. माझ्याकडेही बघत नव्हते. सासूबाईंच्या हसण्याकडे बघत होते.

१६ डिसेंबर

दोन दिवस चांगले गेले. पुढच्या आठवड्यात हंपी.

१९ डिसेंबर

हॉस्पिटल. बाकावर बसून लिहितेय. त्याला डोक्याच्या स्कॅनला नेलंय. 

शाळेतून साडेचारला आले. अमित घरी, लवकर आलेला. बेडवर मोठी बॅग. म्हटलं, वा, हंपीची तयारी! उघडून पाहिलं. आठ फॉर्मल शर्ट. ऑफिसचे बूट. सर्टिफिकेटांची फाईल. त्याच्या वडिलांचा फोटो, फ्रेमसकट.

हंपीला कोण नेतं वडिलांचा फोटो?

विचारलं, कुठे चाललास. गप्प. परत विचारलं. बाथरूममध्ये गेला आणि आतून कडी लावली.

दहा आकडे मोजायचे होते. माहीत होतं मोजायचे असतात. मी दारावर लाथा घातल्या. नवं दार, नवी बिजागरी. तो आतून म्हणाला, तेजू, काम संपलंय, आता जाऊ दे मला. तेवढंच. मी दार बडवत राहिले, शेजारी ऐकतील म्हणून त्यानेच शेवटी कडी काढली. त्यानेच! माझी अब्रू राखायला!

मी त्याचे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं. एकदा. तो दांडा धरायला गेला, प्लॅस्टरचा हात, धरता आला नाही. मग दुसऱ्यांदा. दुसऱ्या वेळी मला स्वच्छ दिसत होतं मी काय करतेय. निळ्या टाईलच्या सांध्यांतून रक्त खाली उतरत होतं, ओळीने, चौकोन चौकोन करत. तो खाली बसला आणि बसूनच राहिला. डोळे उघडे. मी हाका मारल्या तर ओ देईना.

रिक्षा मीच बोलावली. रिक्षात त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. वाटेत अर्धवट शुद्धीवर आला, मला बघितलं, आणि हात तोंडावर घेतला. आडवा. लहान मुलं घेतात तसा.

जगू दे त्याला. माझ्याजवळ नको राहू दे, पण जगू दे.

२० डिसेंबर

वाचला. चौदा टाके.

सकाळी तपासायला डॉक्टर आले, केसपेपर हातात. विचारलं, कसं लागलं? सासूबाई रात्रीच सिन्नरहून येऊन बसल्या होत्या. त्याच बोलल्या, नव्या मोरीत घसरला असंल हो, ओल होती. अमितने डोळे उघडले.

"नाही आई," तो म्हणाला. "हिने मारलं. दहा वर्षं मारतेय. डॉक्टर, तसं लिहा."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो. डॉक्टरांनी लिहिलं आणि सिस्टरला पोलिसांना फोन करायला सांगितलं.

सासूबाई उठल्या, भिंतीजवळचं स्टूल ओढत आणलं, आणि माझ्या नि पलंगाच्या मधे, माझ्याकडे तोंड करून बसल्या.