अंधारातलं माप

प्रिय आई,

लांबूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते. बाबांचे टाके सुकले का?

भट्टीतही न वितळणारी ती पिवळी प्लास्टिकची पट्टी आठवते? तिच्या रेणूंच्या साखळीतला एकच दुवा मी बदलला आणि उजेडात तिच्यातून पूर्वीच्या दसपट वीज वाहिली. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमनी गावभर सांगितलं.

अंधारातलं माप घ्यायचं राहिलं होतं; उजेड नसला की वीज जवळजवळ थांबायला हवी. काल घेतलं, तर काटा तसाच वर! मग ही करामत दुव्याची कसली? बाबांच्या ऑपरेशनचा तुझा फोन आला तेव्हा घाबरून मी पट्टी तासभर आधीच भट्टीतून काढली होती. पट्टी ओतण्याआधी प्लास्टिक ज्यात विरघळवतो त्या द्रावकाची ओल आत राहिली, तीच वीज नेतेय.

आता मॅडमना सांगायला निघालेय. घाई का केलीस, विचारतील. फोनचं सांगणार नाही.

बाबांना टाक्यांपर्यंतच वाचून दाखव.

तुझी,
धाकटी