हाक कुठल्या फोल्डरात?

पुंडलिकनगर, औरंगाबाद
१९ मे २०१९

प्रिय सोमनाथदादा,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र, आणि आधी पोटभर भांडणार आहे. मेंढरांचा तो गेम लिहिलास, पेनड्राइव्ह माझ्या हातात कोंबलास आणि बंगळुरूला निघून गेलास. दुष्काळात आबांना मेंढरं विकायला तू लावलंस, हे ते विसरलेले नाहीत. इथं दोन खोल्यांत दिवसभर टँकरची वाट बघत बसतात, कुणाशी चकार शब्द बोलत नाहीत. म्हटलं, निदान स्क्रीनवर तरी मेंढरं दाखवावीत, तोंड उघडतील.

उघडतात कसले! गेमची एकच रड: ‘हाक’ नावाची फाइल सापडत नाही. म्हटलं, तू ठेवायलाच विसरलास. मग मीच घसा खरवडून मेंढरांना हाक मारली, रेकॉर्ड केली, गेममधल्या ‘पडेगाव’ नावाच्या फोल्डरात ठेवली. शेजारच्या सत्यभामाकाकू काय झालं म्हणून धावत आल्या. तरी रड तीच!

चौथ्या दिवशी वैतागून तुझी स्क्रिप्ट उघडली. फाइली कुठकुठल्या फोल्डरांत शोधायच्या, ते शहाण्यानं पहिल्याच ओळीत लिहिलंय, पण पत्ता सगळा स्वतःच्या जुन्या कॉम्प्युटरचा. माझ्या लॅपटॉपवर ती ड्राइव्हच नाही. वर फोल्डरांना नावं आबांच्या मुक्कामांची, आधी फर्दापूर, शेवटी पडेगाव. अरे, घर सोडलंस तर पत्ता तरी बदलायचास!

पत्ते नीट केले, आबांना समोर बसवलं. पण तुझी स्क्रिप्ट आपल्या कळपासारखीच, पहिलं पाणी लागलं की तिथंच तोंड घालणार. फर्दापूरच्या फोल्डरात त्याच नावाची फाइल आधीपासून होती. माझी हाक राहिली बाजूला, आवाज आला आईचा.

दादा, तू हे कधी रेकॉर्ड केलंस? मला सांगायचंस तरी. आई गेली तेव्हा आबा कळपामागं फर्दापूरला होते. ते पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. काल ते खुर्चीतून उठले आणि मोठ्यानं ओ दिली, “व्हय, आलो गं, आलो.” पार दारापर्यंत गेले. मला रडू आवरलं नाही.

हाक जेमतेम चार सेकंदांची आहे. आज सकाळी त्यांनी विचारलं, “सोम्याकडं तिचं आणखी काय बोलणं हाय का?” वर्षभरात तुझं नाव त्यांनी पहिल्यांदा घेतलं. जुने फोन, सीड्या, असेल नसेल ते धुंडाळ. पण काही सापडलं तर पाठवू नकोस. घेऊन ये. नाही सापडलं, तरी ये.

तुझीच, अजून चिडलेली,
तनुजा