मनालीच्या लॅपटॉपची मुक्ती

११ एप्रिल २०२३, मंगळवार. सकाळी ७.
संकल्प: तीन दिवसांत लॅपटॉपचं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट. लॅपटॉप मनालीचा, म्हणजे माझ्याच मुलीचा. कंपनीने त्यात आधीच भरून दिलेली सिस्टीम मी मागच्या रविवारी पुसली आणि लिनक्स ही मुक्त सिस्टीम घातली. ती तेव्हा परीक्षेला नागपुरात होती. तिच्या फाइली आधी काढून ठेवल्या होत्या, हे नमूद करतो. आभार नाहीत. उलट तक्रार, की आता पंखा फिरत नाही, वीस मिनिटांत मशीन तापून बंद पडतं. वीस तारखेला तिची नोकरीची ऑनलाइन मुलाखत आहे. पाऊण तास. मोबाइल चालणार नाही. अख्ख्या लाखांदुरातून तिचं एकटीचं नाव आलंय.
मी म्हणालो, नऊ दिवस आहेत. क्रांत्या याहून कमी दिवसांत झाल्या.

१२ एप्रिल.
कंपनीच्या साइटवर अपडेट सापडलं. ‘पंख्याचा दोष दूर’, असं स्पष्ट लिहिलंय. पण फाइल उघडते फक्त जुन्या सिस्टीमवर. जिला हाकललं, तिच्या दारात जायचं? कदापि नाही.
पंचफुलाला, म्हणजे सौ.ला, समजावलं. छप्पन्न साली आजोबांनी दीक्षा घेऊन जन्मासोबत मिळालेलं सगळं झुगारलं. लॅपटॉपच्या बाबतीत मी तेच केलं. वीस मिनिटं बोललो. चांगलं झालं. ती म्हणाली, अजी, आजोबानं सोडलं थे स्वतःचं सोडलं. तुमी पोरीचं काहून सोडलं?
मुद्दा भलतीकडे नेण्याची तिची जुनी सवय.

१३ एप्रिल. दुपारी ४. ऊन बेचाळीस.
विजय! सिस्टीम लागतच नाही. मशीन चालू होताना एफ-टू दाबायचं, निळा मेन्यू येतो, पेन ड्राइव्हमधली फाइल तोच वाचतो. तशी फाइल त्याच पानावर खाली होती. पाच मिनिटांचं काम. अट एकच, पेन ड्राइव्ह आधी फॉरमॅट करायचा.
माझ्या पेन ड्राइव्हमध्ये अकरा वर्षांची भाषणं आणि जयंतीची गाणी आहेत. फॉरमॅट करणार नाही. फाइल गाण्यांच्या शेजारी टाकली.
५.३०. मेन्यू म्हणतो, फाइल नाही. चार वेळा म्हणाला. मेन्यूत दोष असावा.

१४ एप्रिल. जयंती.
एकोडीला भाषण. विषय, जन्मासोबत आलेली गुलामी. लॅपटॉपचं उदाहरण दिलं. टाळ्या. आधी साउंडवाल्या इश्वरला गाण्यांसाठी पेन ड्राइव्ह दिला होता. एसटीत साकोली गेल्यावर आठवलं, तो तिथेच राहिला.

१६ एप्रिल.
इश्वरला फोन. महिनाभर गावोगाव जयंत्या, तो घरी नाही. म्हणाला, गुरुजी, माह्यापाशी एकोणीस पेन ड्राइव्ह आहेत, तुमचा कोनता? मी म्हणालो, काळा. म्हणाला, सगळेच काळे आहेत.
मनालीने विचारलं, बाबा, मी नवीन आणू काय? मी म्हणालो, थांब. हे काम मी हाती घेतलंय.

१७ एप्रिल.
ती मुलाखतीचा सराव करत होती. स्वतःची ओळख सांगताना, वाक्याच्या मध्येच, लॅपटॉप बंद पडला. ती काळ्या स्क्रीनकडे बघत राहिली. रडली असती तर बरं झालं असतं. मी पाणी आणायला गेलो, ते मीच पिऊन आलो.

१८ एप्रिल.
नवा पेन ड्राइव्ह आणायला स्वतः भंडाऱ्याला गेलो. स्टँडवर ओळखीचे भेटले, चार शब्द बोलायला घेऊन गेले. चाराचे जरा जास्त झाले. दुकान बंद झालं होतं. उद्या नक्की.

१९ एप्रिल. सकाळी ९.
घरात मनाली नाही. लॅपटॉप नाही. पंचफुला म्हणाली, पहिल्या गाडीनं जवाहरनगरले गेली, मामाकडं. मेव्हणा संघपाल तिथल्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहतो. फोन लावला, म्हणालो, मी निघालो, मेन्यू मला माहीत आहे. संघपाल म्हणाला, भाऊजी, तुमी येऊच नका. तुमचं भाषण सुरू झालं का लॅपटॉप तापते.
दुपारी पंचफुलालाच कळवण्यात आलं. नवीन पेन ड्राइव्ह, फॉरमॅट, एफ-टू. सहा मिनिटं. पंखा फिरतो.
म्हणजे माझाच मार्ग बरोबर होता.

२० एप्रिल.
मुलाखत पार पडली. बावन्न मिनिटं. मशीन बंद पडलं नाही. फोन मला आला नाही.

२१ एप्रिल. संध्याकाळ.
मनाली परतली. त्यांनी विचारलं म्हणे, अलीकडे एखादी अडचण स्वतः सोडवलीत का? तिने फर्मवेअरचं सांगितलं. त्यांना फार आवडलं. मी विचारलं, माझं नाव घेतलंस? म्हणाली, घेतलं असतं, पण मंग अडचण कुठून आली थेबी सांगा लागलं असतं.
लिनक्स तिने काढलं नाही. मी आनंदाने म्हणालो, पटलं ना शेवटी? ती म्हणाली, बाबा, थे चांगलंच आहे. विचारलं असतं, तर मीच घातलं असतं.
लॅपटॉपला आता पासवर्ड आहे. मी मागितला. रविवारचं भाषण टाइप करायचं होतं. म्हणाली, वहीत लिहा.
वही घेतली. विषय, निवडीचं स्वातंत्र्य. दोन ओळी झाल्या. तासभर पुढे काही सुचलेलं नाही.