आईच्या नावावरची बाग

१९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तू बरा असशील, वहिनीची कंबरही आता सुधारली असेल. आम्ही दोघं ठीक. फोनवर मी आईचा विषय काढला की तू लगेच हवापाण्याच्या गप्पा काढतोस. म्हणून लिहायला बसले.

बागेची सरकारी मदत जमा झाली. पुराचा गाळ काढून झाला. गोठ्याची पडलेली भिंत बाबांनी स्वतः बांधली. वाकडी झालीय, पण बोलायची सोय नाही. म्हणतात, गाईची काही तक्रार नाही.

ती गाय अजून माझ्याच्याने बघवत नाही. पुराच्या रात्री आई तिला सोडायला पाण्यात उतरली, आणि सकाळी गाय एकटीच दारात येऊन उभी.

पंचनाम्याला आलेल्या बाई भल्या होत्या. चिखल तुडवत आडवं झालेलं डाळिंबाचं एकेक झाड पाहिलं. मग ओट्यावर टेकून विचारलं, "जमीन कुणाच्या नावावर?"

"हिच्या आईच्या."

"त्यांची सही लागेल."

"आली की करेल," बाबा म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा टाकायला आत गेले.

तू परत गेलास तेव्हा शोध चालू होता. नंतर पथकं निघून गेली, तरी बाबा रोज नदीकाठाने खालच्या पुलापर्यंत जात. विचारलं तर म्हणत, "पाय मोकळे करून येतो." कचेरीतून निरोप आला, ती गेल्याचं घरच्यांनी लिहून द्यावं, म्हणजे मदत वारसांना मिळेल. बाबांनी निरोप आणणाऱ्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. शेजारच्या शेतांत नवी लागवड झाली, आमच्याकडे गाळ वाळून भेगाळला. मलाही ते लिहून द्यायचं नव्हतं.

मग एक दिवस रोपवाटिकेवाले काका आले. पुराच्या आधी आई त्यांच्याकडे रोपं निवडून आली होती. ती त्यांनी बाजूला ठेवलेली.

"पैशाचं नंतर बघू," ते बाबांना म्हणाले, "पण मुळं पिशवीत गुंडाळायला लागलीत. वहिनींनी एकेक पारखून घेतलंय हो. माझ्याकडे मरतील."

बाबांनी दुसऱ्या दिवशी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. कचेरीत त्याच बाई होत्या. हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "त्या हयात नाहीत, असं लिहू ना?"

बाबांनी खिशातून पेन काढलं. मग म्हणाले, "तिला पोहता येत नव्हतं. मी शिकवतो, शिकवतो म्हणायचो."

आणि सही केली.

त्या पैशातून यंत्र लावून गाळ उपसला. काल रोपं लागली. बाबांनी कुणाला हात लावू दिला नाही, माती स्वतः दाबली. आता ते पुलाकडे जात नाहीत. दादा, ते जात होते तेच बरं होतं.

संध्याकाळी बांधावर बसून मला विचारत होते, "आपण असं लिहून दिलं हे तिला कळलं, तर रागावेल का गं?"

मी म्हटलं, गार वारं सुटलंय, घरात चला. तू ये, आणि त्यांना काहीतरी सांग.

वाट बघणारी, आता फक्त तुझी,
धाकटी