दवाखान्यासमोरचे गुलाब

३ ऑक्टोबर १९८५
खालची आळी उद्यान मंडळाची तातडीची सभा आमच्या ओटीवर झाली. स्थापना १९७४. अध्यक्ष मी, सेक्रेटरी आत्माराम दुकानदार. हजर दोघेच. रावजी मुंबईला मुलाकडे राहायला जाऊन वर्षं झाली, पण राजीनामा दिलेला नाही, म्हणजे मनानं तो इथंच. बाकीचे सभासद देवाघरी. कोरम झाला असं धरलं.

विषय एकच. दवाखान्यासमोरची जागा. नगरपालिकेनं ती मंडळाला बागेसाठी दिली तेव्हा माझे सगळे केस काळे होते. आता तिथले साहेब म्हणतात, २६ जानेवारीला पाहायला येतो. बाग दिसली तर जागा तुमची, नाहीतर रिक्षा स्टँड. आत्माराम म्हणाला, "आबा, इतकी वर्षं टाकळ्याच्या तणाशिवाय काय उगवलं नाही तिथं. आता काय उगवणार?" मी म्हटलं, "अरे, भर वादळात, बोट आडवी होत असताना मी सगळ्या खलाशांना गरम भात वाढलाय. बाग म्हणजे काय!" तो चपला घालून दुकानाकडे निघाला. पटलं असावं.

४ ऑक्टोबर, सकाळ
पाहणीच्या दिवशी भाषण लागेल म्हणून मंडळाचा इतिहास लिहायला घेतला. १९७५ : रस्त्याकडेला गुलमोहर लावले. आळीतल्या शेळ्यांची त्या साली तब्येत सुधारली. १९७८ : शाळेच्या कौलांवर भोपळ्याचा वेल चढवला. भोपळे उत्तम धरले. कौलं नंतर बदलली. १९८१ : वाचनालयाला शोभेचं निवडुंग भेट. वाचकांनी फार जवळून पाहिलं.

समाजसेवा काही कमी नाही. लिहिताना ऊर भरून आला.

बायको, सगुणा, म्हणाली, "एवढा कसला तो हट्ट? घरामागे परसू आहे की." तिला कसं सांगू! जन्मभर बोटीवर स्वयंपाकी होतो. जिकडे बघावं तिकडे पाणी. एक मेथीची जुडी मिळाली तर कॅप्टन वास घेत बसायचा. तेव्हाच ठरवलं होतं, जमिनीवर गेलो की चार लोकांच्या येण्याजाण्यात काहीतरी रुजवायचं. आजाऱ्यांच्या माणसांनी फुलं बघत बसावं. घरामागे कोण बघणार?

२० ऑक्टोबर
कोल्हापूरहून एसटीनं गुलाबाची कलमं आली. खड्डे मीच खणले. चार बोटं माती, खाली जांभा. पहारीचं टोक गेलं, माझी कंबर गेली. उरलेले खड्डे बेताचेच ठेवले. मुळांना फार खोल जायची सवय लागू नये.

२ नोव्हेंबर
आज डोकं चाललं! बंदरावर तारली मासळी इतकी आली की टोपलीला कुणी विचारत नव्हतं. केळशीला आमच्या आजोळी माडाला तारली पुरायचे आणि नारळ डोक्याएवढे धरायचे. गुलाब काय माडापेक्षा शहाणा लागून गेला? प्रत्येक कलमाला भरपूर वाढली. मी वाढायला बसलो की कुणी अर्धपोटी उठलेलं नाही.

आत्मारामला बोलावलं होतं. तो नाकाला रुमाल लावून रस्त्यापलीकडेच उभा राहिला. सर्दी असेल.

४ नोव्हेंबर
दवाखान्यातल्या दमयंतीबाई, नर्स, तावातावानं आल्या. म्हणाल्या, "आबा, खोकल्याचा पेशंट उलटीचा होऊन घरी जातोय. डॉक्टर मला विचारतात, सिस्टर, काय मेलंय ते बघा. मी काय सांगू? आबांची बाग?" मी शांतपणे म्हटलं, "बाई, खत जरा मुरू दे." त्या म्हणाल्या, "ते मुरेपर्यंत आमी मरू."

मोठ्या कामाला विरोध व्हायचाच.

५ नोव्हेंबर
रात्री आळीतली सगळी कुत्री, मांजरं आणि पहाटे कावळे बागेत येऊन गेले. निम्मी कलमं रस्त्यावर. एक कुत्रा तर कलमासकट तारली तोंडात धरून आत्मारामच्या दुकानाच्या पायरीवर झोपला होता. उपटलेली कलमं परत लावली. मुळं हलली की झाड जोम धरतं असं कुठंसं वाचलंय.

आत्मारामचा पुतण्या सखाराम बघत उभा होता. त्यानं रिक्षाचा परवाना काढलाय. म्हणाला, "आबा, मदत करू काय?" त्याचा हेतू ओळखून नको म्हटलं. तरी पाण्याच्या घागरी त्यानंच आणल्या. त्या आणू दिल्या.

७ नोव्हेंबर
वासाचा बंदोबस्त केला. बोटीवर मासा वास मारायला लागला की आम्ही काय करायचो? मीठ! शिवाय माड लावताना खड्ड्यात मीठ घालतातच, म्हणजे शास्त्राला धरून. जाडं मीठ आणून प्रत्येक कलमाच्या आळ्यात चांगलं पसरलं. वास थोडा कमी. दमयंतीबाई कपाळाला हात लावून आत गेल्या. मी तो नमस्कार समजलो.

१२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
पानं पिवळी. कोल्हापूरचं झाड, इथली हवा नवी. रुळायला वेळ लागणारच.

८ डिसेंबर
पानं गेली. थंडीत झाडं विश्रांती घेतात. सगुणाला हाताला धरून दाखवायला नेलं. तिचे गुडघे धरलेत, रस्ता ओलांडायलाच तिला केवढा वेळ. तिनं एक काडी नखानं खरवडली आणि म्हणाली, "अहो, मेलीत ही." मी म्हटलं, "तुला गुलाबातलं काय कळतं?" ती म्हणाली, "गुलाबातलं नाही कळत. मेलेल्यातलं कळतं."

२ जानेवारी १९८६
संकल्प : रोज पहाटे पाणी. खारट माती उपसून नवी. रावजीला मुंबईहून मदतीला बोलावणे.

९ जानेवारी
पहाटे कंबर धरली. माती उपसायची राहिली. रावजीचा निरोप आला, येतो म्हणाला, आंब्याच्या दिवसांत.

२५ जानेवारी
युक्ती सुचली. फसवणूक नव्हे, सजावट. लग्नात मांडवाला लावतात तशी. बाजारातून झेंडूची फुलं आणली, दोऱ्यानं काड्यांना बांधायला बसलो. डोळ्यांना दिसेना, काटे बोटांत. थोड्या वेळानं सगुणा काठी टेकत आली, माझ्या हातातला दोरा घेतला आणि खाली बसून बांधू लागली. लांबून पाहिलं तर बाग अगदी बाग दिसते.

२६ जानेवारी
झेंडावंदन आटोपून साहेब आले. निम्मी आळी जमली. साहेबांनी कौतुकानं वाकून एका फुलाला हात लावला. फूल दोऱ्यासकट हातात आलं. साहेब म्हणाले, "काका, गुलाबाला झेंडू?" मी म्हटलं, "कलम केलंय." मागे कुणीतरी खो खो हसलं. साहेब हसले नाहीत. भला माणूस. ते फूल काय करावं कळेना म्हणून त्यांनी दमयंतीबाईंच्या हातात दिलं.

मी भाषणाचा कागद काढला. तेवढ्यात आत्मारामनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "गंगाराम, पुरे आता." आबा नाही म्हणाला. लहानपणी म्हणायचा तसं गंगाराम म्हणाला. "आळीला स्टँडच हवाय रे. म्हातारी माणसं दवाखान्यात चालत येतात, बघवत नाही. तुला तोंडावर सांगायला कुणी धजत नव्हतं इतकंच."

मी आळीकडे पाहिलं. सगळे चपलांकडे बघत होते. सगुणाकडे पाहिलं. ती काठीकडे बघत होती.

मी साहेबांना म्हटलं, मंडळाचा ठराव आहे, जागा लोकांच्या सोयीला द्यावी. एकमतानं. आत्मारामनं लगेच अनुमोदन दिलं.

२७ जानेवारी
काही नाही.

१० एप्रिल, गुढीपाडवा
स्टँड सुरू झाला. जागा सपाट करून खडी टाकलीय. आळीतला जुना माणूस म्हणून नारळ मला फोडायला लावला. एका फटक्यात फुटला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सखारामनं सीट पुसली आणि म्हणाला, "आबा, पहिली फेरी तुमची. भाड्याचं नाव काढायचं नाही. बोला, कुठं सोडू?"

बसलो. सगळे बघत होते. आठवू लागलो, आपल्याला कुठं जायचं असतं. बंदरावर आता ओळखीचं कुणी नाही. बाजार सकाळीच झाला होता. रोज घरातून निघून मी इथंच यायचो.

शेवटी म्हटलं, घरी सोड.

घर समोरच. रिक्षा सुरू झाली आणि घर आलं.