फेब्रुवारीची चाचणी

मियाझाकी,
११ फेब्रुवारी २००४

प्रिय कात्सुमी,

अनेक आशीर्वाद. ओसाकात थंडी बोचत असेल. कारखान्यात लोकरी मोजे घालत जा. यंदा मुळ्याच्या फोडी छान वाळल्या, थोड्या सोबत पाठवते आहे. मार्चअखेर मी संशोधन केंद्रातून निवृत्त होत आहे.

आवराआवर करताना मी तयार केलेल्या आपल्या त्या काकडीच्या जातीची टिपणे हाती आली. ती रोगाला कशी अडवते, हे तुला मी कधी नीट सांगितलेच नाही. भुरीची बुरशी केवळ जिवंत पेशीवर जगते. तिचा बीजाणू पानावर रुजला, की या जातीचे पान नेमकी तेवढीच पेशी स्वतःच मारून टाकते आणि बुरशी उपाशी मरते! इतके देखणे संरक्षण मी दुसरे पाहिलेले नाही. मात्र ते उबेत चालते. सव्वीस अंशांवर पान वेळेत सावध होते. विसाच्या खाली त्याला उशीर होतो आणि तोवर पांढरी भुकटी पसरलेली असते.

बघ, पुन्हा वर्ग सुरू केला मी. तू म्हणायचास, "ताई, तू पानांशीच जास्त बोलतेस, माणसांशी कमी."

आठ वर्षांपूर्वी तू गावात सांगत फिरलास, "आमच्या ताईचं बियाणं आहे, डोळे झाकून लावा." तुझ्यासोबत अकरा घरांनी ते हिवाळी हरितगृहांत लावले, फवारणी थांबवली. जानेवारीत पाने पांढरी पडली. उत्पादक मंडळाच्या भर सभेत नागातोमोकाका म्हणाले, "बहीण एवढी शास्त्रज्ञ, आणि भावाला हरितगृहाची साधी खिडकी उघडता येईना!" सगळे हसले. तू माझ्याकडे पाहिलेस. मी म्हणाले, "दव फार साठू देतोस तू, कात्सुमी."

भुरी पडायला पान ओले असावे लागत नाही. हे मी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवत असे.

मग तू मिठाईचे खोके घेऊन अकराही घरी माफी मागायला गेलास. तुझ्यामागे उभी राहून मीही वाकत होते. शेवटच्या दारातून निघताना तू म्हणालास, "माझ्यामुळे तुलाही मान खाली घालावी लागली गं, ताई." महिन्याभरात तू गाव सोडलेस.

बियाणे देण्यापूर्वी मी दोन चाचण्या केल्या होत्या. जुलैची निर्मळ निघाली. फेब्रुवारीच्या चाचणीत चाळीसपैकी एकतीस रोपांवर भुरी होती. 'तापमान बिघडले' असा शेरा मारून ती मी अहवालातून वगळली. तापमान बिघडलेले नव्हते. फेब्रुवारीत असते तेवढेच होते.

शनिवारी उत्पादक मंडळाच्या सभेत मी दोन्ही चाचण्या वाचून दाखवणार आहे. त्याआधी हे तुला कळणे आवश्यक होते. नागातोमोकाका ऐकायला नसतील. ते गेल्या शरदात वारले. तुझ्याविषयीचे त्यांचे मत ते सोबत घेऊन गेले. ते आता मला दुरुस्त करता येणार नाही.

परत ये, असे म्हणण्याचा अधिकार मी गमावला आहे. 'तुझी ताई' असे लिहिण्याचाही उरला आहे की नाही, हे तू ठरव. तोवर नुसतीच,

चिझुरू